पणजोबांचे घड्याळ : वय आणि किंमत

आमच्या घरात एक जुने मनगटी घड्याळ आहे. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाने खूश होऊन ते आमच्या पणजोबांना बक्षीस दिले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गणपतीत सगळे कुटुंब गावी जमले की आजोबांच्या पेटीतून कापसात गुंडाळलेले हे घड्याळ बाहेर निघे, ते सर्वांच्या हातांतून फिरे आणि पुन्हा पेटीत जाई. आजोबा प्राथमिक शिक्षक होते. ते गेल्यावर घड्याळ आमच्याकडे आले.

गेल्या वर्षी गावच्या घराचे छप्पर दुरुस्तीला आले. खर्च बराच होता. थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, सुचवले, ‘घड्याळ विकूया. शंभर वर्षांचे, लढाईतले, स्विस घड्याळ. अशा घड्याळांना लाखांनी किंमत येते.’ आत्याला हे पटले नाही. वाद वाढण्याआधी आम्ही एवढेच म्हणालो, की विकायचे की नाही ते नंतर ठरवू. आधी ही वस्तू काय आहे आणि केव्हाची आहे ते पाहू.

जुन्या वस्तूचे वय ठरवणे हे इतिहासाचे काम. पण घड्याळाच्या बाबतीत ते करायचे तर धातुशास्त्र, रसायनशास्त्र आणि थोडे अणुविज्ञानही लागते. या शोधात आम्हाला काय सापडले आणि आमच्या हातून कोणती चूक झाली, ते शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे सांगतो.

घड्याळ मनगटावर कसे आले

स्प्रिंगवर चालणारी, बरोबर नेता येणारी घड्याळे युरोपात सोळाव्या शतकाच्या आरंभापासून आहेत. पण ती दिवसाकाठी पुष्कळच चुकत. १६७५ साली डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी बॅलन्स चक्राला केसासारखी बारीक, गुंडाळलेली स्प्रिंग जोडली. इंग्लंडच्या रॉबर्ट हुक यांनी ही कल्पना आपली असल्याचा दावा केला, आणि त्यावरून मोठे भांडण झाले. स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणात ती उलट ओढते, हा आपण शाळेत शिकवतो तो हुकचा नियमच येथे कामाला येतो. ओढ ताणाच्या प्रमाणात असली की चक्राचा झोका लहान असो वा मोठा, त्याला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच राहतो. लंबकाचे काम खिशात मावू लागले ते यामुळे.

खिशातले घड्याळ मनगटावर यायला मात्र आणखी सव्वादोनशे वर्षे लागली. एकोणिसाव्या शतकात मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना अशीच समजूत होती. पुरुष कोटाच्या खिशात साखळीचे घड्याळ ठेवत. ही समजूत १९१४–१८ च्या महायुद्धाने मोडली. तोफांचा मारा आणि पायदळाची चाल मिनिटामिनिटाने जुळवावी लागे. एका हातात बंदूक किंवा दुर्बीण असताना खिशातून घड्याळ काढणे परवडणारे नव्हते. त्या काळातली अनेक मनगटी घड्याळे म्हणजे खिशातल्या घड्याळाचीच लहान आवृत्ती. गोल डबीला तारेचे दोन कान डाख देऊन जोडलेले आणि त्यांतून चामड्याचा पट्टा ओवलेला. आकडे आणि काटे रेडियमच्या रंगाने भरलेले, म्हणजे खंदकाच्या अंधारातही वेळ दिसे.

सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. त्यांतले अनेक सैनिक कूतच्या वेढ्यात सापडले. ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झालेला हा वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. पणजोबा त्या मोहिमेवर होते हे खरेच आहे; त्यांच्या पेन्शनचा कागद घरात आहे. म्हणजे कथेचा अर्धा भाग पक्का होता. उरलेला अर्धा भाग घड्याळालाच विचारायचा होता.

तबकडीवरचे नाव

तबकडीवर नाव आहे ‘वेस्ट एन्ड वॉच कंपनी’ आणि त्याखाली ‘सोवार प्रायमा’. जुन्या पिढीतल्या वाचकांना हे नाव ओळखीचे वाटेल. सोवार म्हणजे आपला ‘स्वार’, घोडेस्वार. ही कंपनी स्वित्झर्लंडमध्ये तयार करून घेतलेली घड्याळे आपल्याकडे विकत असे. आमच्या घड्याळाच्या मशीनवर ‘मुंबई–कलकत्ता’ अशी दोन्ही शहरांची नावे इंग्रजीत कोरलेली आहेत.

बहुतेक जण येथेच थांबतात, आणि चुकतात. तबकडीवरचे नाव हे विकणाऱ्याचे असते; आतले मशीन त्यानेच केलेले असते असे नाही. स्विस घड्याळधंद्यात कामाची मोठी वाटणी होती. कच्चे मशीन एका कारखान्यात, तबकडी दुसरीकडे, डबी तिसरीकडे तयार होई. ए. शिल्ड किंवा फाँतेनमेलाँ यांसारखे कारखाने शेकडो नावांसाठी मशीन पुरवत. १९२६ साली अशा प्रमुख कारखान्यांनी एकत्र येऊन ‘एबॉश एस. ए.’ ही संस्था काढली. मशीन कोणाचे हे पाहायचे तर झाकण काढून बॅलन्स चक्राच्या आसपास, बऱ्याचदा त्याच्याखालीच, बारीक शिक्का शोधावा लागतो. आमच्या घड्याळात ढालीच्या आकारात ‘ए. एस.’ ही अक्षरे मिळाली. म्हणजे मशीन ग्रेंखेन गावच्या ए. शिल्ड कारखान्याचे.

तबकडीवर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. तबकडी ही घड्याळातली सर्वांत सहज बदलता येणारी गोष्ट. त्याबद्दल पुढे सांगू, कारण आमची चूक तिथेच झाली.

झाकणाच्या आत

ओळखीच्या एका वयस्क घड्याळजींनी झाकण उघडून दिले आणि आपले भिंग आमच्या हाती दिले. पुढचा तासभर आम्ही एकेक भाग पाहून वहीत नोंदत होतो.

पहिली नोंद खड्यांची. मशीनवर ‘१५ ज्वेल्स’ असे कोरलेले आहे. घड्याळात माणके असतात, म्हणून ते मौल्यवान, असा आपल्याकडे जुना समज आहे. माणिक कठीण असते, त्याला गुळगुळीत झिलई येते आणि पोलादी आस त्यात फिरताना घर्षण कमी होते, एवढ्यासाठी ते वापरतात. खड्यांना भोक पाडून घड्याळात बसवण्याचे पेटंट लंडनमध्ये १७०४ साली निकोलस फातिओ यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर घेतले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वेर्नय यांनी १९०२ मध्ये भट्टीत कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केल्यावर हे खडे फारच स्वस्त झाले. त्यामुळे पंधरा किंवा सतरा माणकांवरून घड्याळाची किंमत वाढत नाही. विसाव्या शतकातल्या घड्याळात ते कारखान्यात बनलेले ॲल्युमिनियम ऑक्साइडच असते.

दुसरी नोंद बॅलन्स चक्राची. तापमान वाढले की साधी पोलादी केसस्प्रिंग किंचित ढिली पडते आणि घड्याळ मागे पडते. दर अंश सेल्सिअसला दिवसाकाठी सुमारे दहा सेकंद. रात्री आणि दुपारी दहा अंशांचा फरक असेल तर ही चूक दुर्लक्ष करण्याजोगी नाही. जुना उपाय असा, की चक्राची कड बाहेरून पितळेची आणि आतून पोलादाची करायची आणि ती दोन ठिकाणी कापायची. उष्णतेने पितळ जास्त प्रसरण पावते, कडेची मोकळी टोके आत वळतात, आणि चक्र थोडे जलद फिरते. स्प्रिंगची चूक अशी चक्राने भरून निघते. प्रयोगशाळेतल्या द्विधातू पट्टीचाच हा उपयोग.

पुढे शार्ल एदुआर गिओम यांनी लोखंड आणि निकेल यांचे मिश्रधातू अभ्यासले. १८९६ मध्ये त्यांना इन्व्हार हा जवळजवळ प्रसरण न पावणारा मिश्रधातू सापडला. नंतर त्यांनी ज्याची लवचीकता तापमानाने फारशी बदलत नाही असा धातूही तयार केला. या कामासाठी १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. याच वाटेने १९३० च्या दशकात ‘निव्हारॉक्स’ नावाच्या स्प्रिंगा आल्या. स्प्रिंगच बदलत नाही म्हटल्यावर कापलेल्या चक्राची गरज उरली नाही, आणि साधी, अखंड, एकाच धातूची चक्रे वापरात आली. आमच्या घड्याळातले चक्र अखंड आहे.

तिसरी नोंद निर्णायक ठरली. बॅलन्स चक्राची आस टोकाला केसाएवढी बारीक असते. घड्याळ हातातून पडले की मोडते ती हीच. म्हणून वरचा खडा पक्का न बसवता छोट्या स्प्रिंगेखाली तरंगता ठेवायचा, म्हणजे धक्का बसला की तो सरकतो आणि पुन्हा जागेवर येतो. ‘इन्काब्लॉक’ या नावाने ही युक्ती १९३४ च्या सुमारास बाजारात आली. वीणेसारख्या आकाराच्या तिच्या स्प्रिंगेवरून ती लगेच ओळखता येते. आमच्या घड्याळाच्या चक्रावर ती वीणा स्पष्ट दिसत होती.

घड्याळजींनी भिंग खाली ठेवले आणि म्हणाले, ‘साहेब, हे पहिल्या लढाईचे नाही.’

दोन मर्यादा

उत्खननात एखाद्या थरात नाणे सापडले तर तो थर त्या नाण्याच्या आधीचा असू शकत नाही. घड्याळालाही हाच न्याय लागतो. त्यातला सर्वांत नवा भाग जेव्हाचा, त्याच्या आधी ते घड्याळ आजच्या स्वरूपात अस्तित्वात नव्हते. इन्काब्लॉक आहे, म्हणजे १९३४ च्या आधीचे नाही.

पण येथे एक शंका घ्यायलाच हवी. जुन्या डबीत नवे मशीन बसवले असेल तर? आपल्याकडे अशी जुळवाजुळव सर्रास होते. म्हणून डबीची साक्ष वेगळी घ्यावी लागते. आमच्या डबीचे कान तारेचे नाहीत, डबीबरोबरच घडवलेले आहेत, आणि पट्टा दाबून निघणाऱ्या स्प्रिंगदार काडीवर बसतो. डबीवर क्रोमियमचा मुलामा आहे. कोपऱ्यांवर तो झिजून पितळ दिसते. क्रोमियमचा मुलामा धंदेवाईक प्रमाणावर वापरात आला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. मागच्या झाकणावर फ्रेंचमध्ये ‘झाकण न गंजणाऱ्या पोलादाचे’ अशा अर्थाचे शब्द आहेत. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांचे न गंजणारे पोलाद १९१३ सालचे. घड्याळाच्या डबीपर्यंत ते पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. मशीन आणि डबी यांच्या साक्षी स्वतंत्र आहेत आणि दोन्ही एकाच काळाकडे बोट दाखवतात.

डबी सोन्याची किंवा चांदीची असती तर काम अधिक सोपे झाले असते. स्विस कायद्यानुसार १८८० पासून अशा डब्यांवर ठरावीक शिक्के मारत. १८ कॅरट सोन्याला हेल्व्हेशियाचे मस्तक, १४ कॅरटला खार, ०·८७५ शुद्धतेच्या चांदीला अस्वल, ०·८०० च्या चांदीला रानकोंबडा. हे शिक्के आणि ‘२० मायक्रॉन’ हे शब्द यांतला फरक मात्र ध्यानात ठेवावा. मायक्रॉन लिहिलेले असेल तर तो केवळ मुलामा असतो, आणि २० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग.

ही झाली अलीकडची मर्यादा न ओलांडणारी एक बाजू. दुसरी बाजू, म्हणजे घड्याळ कधीच्या आधीचे आहे, हे झाकणाच्या आतल्या बाजूने सांगितले. दुरुस्ती करणारे घड्याळजी तिथे सुईने बारीक खूण करून ठेवतात, म्हणजे तेच घड्याळ पुन्हा आले तर आपण ते केव्हा उघडले होते हे कळते. आमच्या झाकणात अशा चार खुणा आहेत. पहिली ‘७-११-५१’. पुढच्या दोन खुणांत शेवटचे आकडे ५५ आणि ६० आहेत. चौथी खूण लागत नाही. एकच आकडा असता तर ती तारीखच कशावरून, असे विचारता आले असते. चढत्या क्रमाने तीन असल्यावर शंका उरत नाही. म्हणजे घड्याळ १९३४ ते १९५१ या सतरा वर्षांतले. पहिली दुरुस्ती घेतल्यापासून काही वर्षांनी झाली असे मानले तर १९४० च्या आसपासचे म्हणणे योग्य ठरेल.

आत्याची साक्ष

हे घरी सांगितले तेव्हा दादाचा चेहरा उतरला. त्याच्या दृष्टीने पणजोबांची गोष्टच खोटी ठरली होती. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, ‘अरे, खोटी कशाला? घड्याळ दोन होती. लढाईतून आणलेलं घड्याळ तुझ्या आजोबांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या खर्चासाठी विकलं. माझी आई सांगायची. मग आजोबांना शाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी पहिल्या वर्षीचे पैसे साठवून हे घेतलं. वडिलांचं होतं त्याच नावाचं घेतलं आणि वडिलांनाच दिलं.’

आजोबा नोकरीला लागले ते १९४३ साली. त्यांच्या सेवापुस्तकात ती नोंद आहे. घड्याळाने सांगितलेल्या सतरा वर्षांच्या अगदी मध्यावर हे वर्ष येते. आत्याचे सांगणे ऐकीव आहे. दुकानाची पावती वगैरे काही नाही. त्यामुळे हे सिद्ध झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण घड्याळातला एकही पुरावा त्याच्या विरोधात जात नाही, आणि बसऱ्याच्या कथेच्या विरोधात तीन जातात. कुटुंबातल्या कथा बहुधा मुद्दाम खोट्या रचलेल्या नसतात. दोन खऱ्या गोष्टी काळाच्या ओघात एकमेकींत मिसळतात. त्या वेगळ्या करणे हे इतिहासाचे काम, आणि वेगळ्या केल्यावर कधीकधी आधीपेक्षा चांगली गोष्ट हाती लागते.

न चमकणारे रेडियम

आता आमच्या चुकीबद्दल. वीस वर्षांपूर्वी घड्याळ आमच्याकडे आले तेव्हा तबकडी पिवळट पडली होती आणि आकड्यांवरचा हिरवट-तपकिरी रंग जागोजाग सुटला होता. आम्ही ते एका कारागिराकडे दिले आणि ‘नव्यासारखे करा’ असे सांगितले. त्याने आमच्यासमोरच तबकडी काढली, ब्लेडने आकड्यांवरचा रंग खरवडला, फुंकर मारून धूळ उडवली आणि आठ दिवसांत पांढरीशुभ्र तबकडी बसवून दिली. आम्ही खूश होऊन पैसे दिले.

तो खरवडलेला रंग रेडियमचा होता. मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ मध्ये शोधलेले हे मूलद्रव्य झिंक सल्फाइडमध्ये मिसळले की त्याच्या किरणांनी झिंक सल्फाइड अंधारात चमकते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी अशा तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करायला शिकवत. रेडियमचे रासायनिक गुण कॅल्शियमसारखे, म्हणून पोटात गेलेले रेडियम हाडांत जाऊन बसते. मुलींचे जबडे सडले, काही जणी मरण पावल्या. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी यांनी १९२७ मध्ये खटला चालवला. १९२८ मध्ये कंपनीने तडजोड केली. कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्यरक्षणाच्या इतिहासात या खटल्याला मोठे स्थान आहे.

दादाने विचारले, ‘पण आता ते अंधारात चमकत नाही. मग रेडियम संपलेच ना?’ हा प्रश्न विद्यार्थीही विचारतील, म्हणून हिशेब देतो. रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षे. ऐंशी वर्षे म्हणजे त्याचा विसावा भाग. एवढ्या काळात रेडियम साडेतीन टक्क्यांहूनही कमी घटते. ९६ टक्क्यांहून अधिक तसेच शिल्लक राहते. संपलेले असते ते झिंक सल्फाइड. सततच्या माऱ्याने त्याची चमकण्याची शक्ती काही वर्षांतच जाते. दिवा विझला, तेल भरलेलेच आहे, असा हा प्रकार. आमच्या घड्याळाच्या काट्यांत तो तपकिरी रंग अजून आहे. प्रयोगशाळेतल्या गायगर गणकयंत्राजवळ घड्याळ नेताच ते तडतडू लागले.

१९६० च्या दशकापासून रेडियमऐवजी ट्रिटियम वापरात आले. त्याचा अर्धायुष्यकाल १२·३ वर्षे; साठ वर्षांत ते साडेतीन टक्क्यांपर्यंत खाली येते. अशा तबकडीवर तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या बाजूंना इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असते. आजच्या चमकणाऱ्या रंगांत किरणोत्सारी द्रव्य नसते. ते दिव्याचा उजेड साठवतात.

काचेखाली बंद असलेले एक रेडियमचे घड्याळ पाहण्या-दाखवण्याने घाबरून जाण्यासारखे काही नाही. धोका आहे तो धुळीचा. म्हणून असे घड्याळ घरी उघडू नये, रंग खरवडू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये, उशाशी किंवा बंद खोलीत बरीच घड्याळे एकत्र ठेवू नयेत. रेडियमपासून रेडॉन वायू निघतो. आणि दुरुस्तीला देताना घड्याळजीला आधी सांगावे. आम्ही ते सांगितले नाही, कारण तेव्हा आम्हाला विचारायचे सुचलेच नाही. विज्ञानात डॉक्टरेट घेणारा माणूस समोर बसला होता आणि कारागीर फुंकर मारत होता. तबकडी गेली ते आमचे नुकसान. त्याच्या श्वासावाटे काय गेले, याची जबाबदारीही आमचीच होती. नंतर त्याला शोधायला गेलो तेव्हा दुकान राहिले नव्हते.

किंमत कशी ठरते

छपराचा प्रश्न अजून बाकी होता. जुन्या घड्याळाची किंमत वयावर ठरत नाही, हे पहिले सूत्र. कोणी केले, धातू कोणता, किती दुर्मीळ आहे, मूळ भाग किती शिल्लक आहेत, स्थिती कशी आहे आणि कोणाचे होते याचा पुरावा आहे का, या सहा गोष्टींवर ती ठरते.

शेवटच्या गोष्टीचे वजन किती पडते ते दोन उदाहरणांवरून दिसेल. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचे झेनिथ कंपनीचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी या वस्तू मिळून १८ लाख डॉलरला गेल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये नट पॉल न्यूमन यांचे रोलेक्स १ कोटी ७७ लाख डॉलरला विकले गेले. त्याच्या पाठीवर पत्नीने गाडी सांभाळून चालवण्याची सूचना कोरून दिलेली होती. तशीच, पण कोणाची हे माहीत नसलेली घड्याळे त्याच्या कितीतरी कमी किमतीला मिळतात.

मूळपणाचे महत्त्वही तेवढेच. संग्राहकाला पिवळी पडलेली मूळ तबकडी हवी असते, नवी रंगवलेली नको असते. जुन्या मशीनवर भडक रंगाच्या नव्या तबकड्या चढवून विकलेल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे नाव कौतुकाचे नाही. रंगवलेली तबकडी ओळखायची खूण सोपी आहे : भिंगातून पाहिल्यावर अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, तळाचा ‘स्विस’ हा शब्द कधी वाकडा तर कधी गायबच असतो. आमच्या तबकडीवर तो गायब आहे.

एका जाणत्या व्यापाऱ्याने घड्याळ पाहून सांगितले, ‘चार हजारांच्या आत. मूळ तबकडी असती तर दुप्पट.’ दादाने दाखवलेल्या लाखांच्या किमती या विकणाऱ्यांनी मागितलेल्या किमती होत्या. प्रत्यक्ष विक्री किती रुपयांना झाली ते पाहावे लागते. छपराला चार हजारांनी काहीच झाले नसते. शेवटी सर्वांनी वर्गणी काढली आणि विक्रीचा विषय संपला.

वर्गात करण्याजोगे

अनेक विद्यार्थ्यांच्या घरी जुनी घड्याळे असतील. त्यांतली पुष्कळशी एच. एम. टी. ची निघतील. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ साली सुरू झालेल्या या कारखान्याच्या ‘जनता’ घड्याळाने आपल्याकडे कितीतरी शिक्षकांना वेळ दाखवली. क्वार्ट्झ घड्याळांपुढे चावीची घड्याळे मागे पडली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच. एम. टी. चा घड्याळ विभाग बंद करायला मंजुरी दिली.

विद्यार्थ्यांना झाकण न उघडताही बरेच करता येईल. तबकडीवरचा प्रत्येक शब्द, पाठीवरचे प्रत्येक अक्षर भिंगाने वाचून लिहावे. चावीच्या घड्याळाची टिकटिक मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ती संथ गतीने ऐकावी आणि दहा सेकंदांतले ठोके मोजावे. जुन्या घड्याळांत बहुधा ५० भरतात, म्हणजे तासाला १८,०००. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो; हा आकडा २ चा पंधरावा घात आहे, म्हणून पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो. घड्याळ चोवीस तासांत किती मागे-पुढे होते ते पाहावे आणि उन्हाळ्यात व हिवाळ्यात तुलना करावी. मग घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला त्या घड्याळाची गोष्ट विचारावी, आणि वस्तू सांगते ते व माणूस सांगतो ते शेजारी शेजारी दोन रकान्यांत लिहावे.

आम्ही घड्याळाबरोबर पेटीत एक कागद ठेवला आहे. त्यावर काय माहीत आहे, ते कशावरून, आणि काय केवळ ऐकीव आहे, हे वेगवेगळे लिहिले आहे. तबकडी कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलली तेही लिहिले आहे. काट्यांत रेडियम आहे, उघडू नये, ही सूचना लाल शाईने सर्वांत वर आहे. आता गणपतीत घड्याळ बाहेर निघते तेव्हा दादाच मुलांना गोष्ट सांगतो. तो बसऱ्यापासून सुरुवात करतो, पण संपवतो ती ट्रेनिंग कॉलेजच्या फीपाशी आणि एका शिक्षकाच्या पहिल्या वर्षीच्या पगारापाशी.